नोंद कोणाच्या नावावर? : तालिका-संहितेच्या वादाचे वाचन

राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत, कविता 'गोविंदाग्रज' या नावावर आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावावर. मराठी वाचकाला यात अडचण वाटत नाही. शाळेपासून त्याला हे ठाऊक असते. अडचण येते ती ग्रंथालयाच्या तालिकेत. 'एकच प्याला' जिथे नोंदवायचे तिथेच 'वाग्वैजयंती' नोंदवायची, की दुसरीकडे? सगळे एकत्र आणायचे तर कोणत्या नावाखाली? वेगवेगळे ठेवायचे तर ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे न जाणणाऱ्याला कुणी सांगायचे?

अशा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या नियमांच्या पुस्तकाला ग्रंथालयशास्त्रात तालिका-संहिता म्हणतात. काही दशकांनी संहिता बदलते आणि प्रत्येक बदलाच्या वेळी ग्रंथपालांमध्ये कडाक्याचा वाद होतो. अलीकडचा मोठा वाद इंग्रजीभाषक देशांत झाला. १९७८ सालची 'अँग्लो-अमेरिकन तालिका नियमावली'ची दुसरी आवृत्ती, म्हणजे एएसीआर-२, बाजूला ठेवून २०१० मध्ये आलेली 'रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस', म्हणजे आरडीए, स्वीकारावी की नाही, असा तो वाद होता.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे? एक कारण व्यवहाराचे आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले. तेव्हापासून मराठी पुस्तके तिथून अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जात आली आहेत. त्यांच्या नोंदी याच नियमांनी होतात आणि जगात कुठेही बसून मराठीचा शोध घेणारा संशोधक त्याच नोंदींतून वाट काढतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. लेखक कोणाला म्हणायचे, कृती कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे समीक्षेचेच प्रश्न आहेत. तालिकाकार ते रोज, पुस्तक हातात घेऊन, एका ओळीत सोडवतो. आरडीएचा वाद बराचसा खर्चावर आणि संक्षेपांवर लढला गेला. त्याच्या पोटातला लेखकत्वाचा प्रश्न मागे पडला. मराठीच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे, असे मला या लेखात दाखवायचे आहे.

जुनाच वाद

नियम बदलले की भांडण होते, हे नवे नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनिओ पॅनिझ्झी यांनी १८४१ मध्ये एक्क्याण्णव नियम छापले, तेव्हा एवढे नियम कशाला, साधी यादी का नको, असे विचारणारे पुष्कळ निघाले. प्रकरण राजकीय आयोगापर्यंत गेले. थॉमस कार्लाइल यांच्यासारख्या नामांकित लेखकाने तिथे ग्रंथालयाच्या कारभाराविरुद्ध साक्ष दिली. पॅनिझ्झी यांनी उत्तरादाखल दाखवून दिले की साधी वाटणारी यादी चुकांनी भरलेली असते. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या दोन ठिकाणी जातात आणि त्या एकाच ग्रंथाच्या आहेत हे वाचकाला कळत नाही. अखेर आयोगाने त्यांची बाजू मान्य केली.

टोपणनावाचा प्रश्न पॅनिझ्झींपुढेही होता. त्यांचा नियम असा, की पुस्तक टोपणनावाखालीच नोंदवावे आणि खरे नाव कळले असेल तर ते पुढे कंसात द्यावे. पुढे अमेरिकेत वारे उलटे वाहिले. १९४९ च्या अमेरिकन नियमांचा कल खऱ्या नावाकडे होता. त्यामुळे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेत मार्क ट्वेन यांची पुस्तके 'क्लेमेन्स, सॅम्युएल लँगहॉर्न' या नावाखाली राहिली. १९५३ मध्ये सेमूर लुबेट्स्की यांनी या नियमांची चिरफाड केली. हा नियम मुळात हवा तरी कशाला, असे ते एकेका नियमाला विचारत गेले. १९६१ च्या पॅरिस परिषदेने, लेखक ज्या नावाने त्याच्या पुस्तकांवर अधिक ओळखला जातो ते नाव घ्यावे, असे तत्त्व मान्य केले. तरीही जुन्या नोंदी बदलण्याच्या खर्चापायी लायब्ररी ऑफ काँग्रेसने नवे नियम फक्त नव्या नावांना लावले. मार्क ट्वेन 'ट्वेन' म्हणून तालिकेत आले ते थेट जानेवारी १९८१ मध्ये, एएसीआर-२ लागू झाली तेव्हा. त्याच वेळी तिथली कार्डांची तालिका गोठवण्यात आली.

या सगळ्या वादाला अचूक शब्द दिले ते आपल्या शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. १९३४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली 'क्लासिफाइड कॅटलॉग कोड' ही त्यांची संहिता आपल्याकडे अभ्यासक्रमात असते. मात्र ती परीक्षेपुरतीच वाचली जाते. तालिकेच्या नियमांनाही काही नियम हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना त्यांनी उपसूत्रे म्हटले. त्यांतली दोन एकमेकांसमोर उभी आहेत. स्थैर्याचे उपसूत्र सांगते की एकदा ठरलेले शीर्षक वारंवार बदलू नये. संदर्भाचे उपसूत्र सांगते की पुस्तकाचे रूप आणि ग्रंथालयाची पद्धत बदलली की नियमही बदलले पाहिजेत. कोणताही नियमबदलाचा वाद घ्या, एक बाजू पहिले उपसूत्र बोलत असते आणि दुसरी बाजू दुसरे. दोन्ही बाजू खऱ्या असतात, म्हणून तर तो सहज मिटत नाही.

दोन्हीकडून टीका

आरडीएवर हल्ला एकाच वर्षी दोन विरुद्ध दिशांनी झाला, ही या वादातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट. २००७ मध्ये एएसीआर-२ चे एक संपादक मायकेल गॉर्मन यांनी लेख लिहिला आणि येऊ घातलेल्या या संहितेला शीर्षकातच अनर्थ ठरवले. त्यांच्या मते चालते ते मोडून धूसर परिभाषेच्या मागे धावणे चालले होते. त्याच वर्षी कॅरन कॉइल आणि डायान हिलमन यांनी नेमकी उलटी तक्रार केली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकाप्रमाणे ही विसाव्या शतकासाठीची नियमावली होती. कार्डाच्या चौकटीतून ती बाहेर पडलेलीच नव्हती. जानेवारी २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने नेमलेल्या कार्यगटाने तर आरडीएचे काम थांबवावे अशी शिफारस केली.

काम थांबले नाही. २०१० च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तीन राष्ट्रीय ग्रंथालयांसह सव्वीस संस्थांनी नव्या नियमांनी नोंदी करून पाहिल्या. जून २०११ चा त्यांचा अहवाल मला या वादातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. केवळ आरडीए स्वीकारल्याने तत्काळ फायदा फारसा दिसत नाही, नोंदींचा खर्च विशेष वाचणार नाही, प्रशिक्षणाचा खर्च मात्र होणारच, हे त्याने स्पष्ट लिहिले. संहिता सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहावी, अशी अटही घातली. आणि एवढे सांगून स्वीकाराचीच शिफारस केली, कारण पुढे जायचे तर पाया बदलावा लागेल. ३१ मार्च २०१३ रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसने नवे नियम लागू केले.

वाचकाला दिसणारे बदल किरकोळ होते. लॅटिन संक्षेप गेले. 'पृ.' च्या जागी 'पृष्ठे' असा पूर्ण शब्द आला. 'सुमारे' आणि 'हयात' यांची लॅटिन संक्षिप्त रूपे जाऊन त्या जागी इंग्रजी शब्द आले. तिघांचा नियम सैल झाला. जुन्या नियमात तिघांहून अधिक लेखक किंवा संपादक असले तर पहिल्याचे नाव घेऊन बाकीचे 'आणि इतर' मध्ये जात. चौघांनी मिळून संपादित केलेल्या गौरवग्रंथातले तिघे संपादक तालिकेपुरते नाहीसेच होत. नव्या नियमाने सर्व नावे द्यायला सांगितले, पण गाळण्याची मुभाही ठेवली. इथे माझा आक्षेप आहे. ज्या नियमाला जागोजागी पर्याय असतात तो नियम शेवटी प्रत्येक ग्रंथालयाच्या मनुष्यबळावर ठरतो. मोठ्या ग्रंथालयात चौथे नाव टिकेल, लहान ग्रंथालयात गळेल.

संक्षेपांवर एवढा वाद का झाला? ते डोळ्यांना दिसतात म्हणून. पाया बदलला तो दिसत नव्हता.

ज्ञानेश्वरी किती?

तो पाया १९९८ मधल्या एका अहवालाचा आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ग्रंथनोंदीची कामे तपासून एक चौकट मांडली. ग्रंथपाल तिला तिच्या आद्याक्षरांवरून 'फर्बर' म्हणतात. तिच्यात चार पायऱ्या आहेत : कृती, तिचा आविष्कार, त्याचे प्रकाशित रूप आणि हातातली प्रत. गॉर्मन यांना धूसर वाटलेली परिभाषा हीच.

मराठी वाचकाला ती धूसर वाटण्याचे कारण नाही. 'ज्ञानेश्वरी' ही कृती १२९० ची. एकनाथांनी १५८४ मध्ये पाठ शुद्ध करून सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी हा तिचा एक आविष्कार. एकनाथपूर्व पाठ म्हणून वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी हा दुसरा. इंग्रजी अनुवाद हा आणखी एक. यांतल्या प्रत्येकाच्या कितीतरी छापील आवृत्त्या ही प्रकाशित रूपे, आणि आजीच्या देवघरातली लाल कापडात गुंडाळलेली पोथी ही प्रत. आपले पाठचिकित्सक हा भेद शंभर वर्षे करत आले आहेत. तालिकेला मात्र तो माहीत नव्हता. जुन्या नोंदीत राजवाडे प्रत आणि बाजारातली पारायणाची प्रत एकाच शीर्षकाखाली, वर्षाच्या फरकाने, शेजारी पडून राहत.

दुसरे उदाहरण रूपांतराचे. आगरकरांचे 'विकारविलसित' शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वरून आणि देवलांचे 'झुंझारराव' त्याच्याच 'ऑथेल्लो'वरून आले. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आली. यांना अनुवाद म्हणावे, की स्वतंत्र कृती? नवी संहिता सांगते की रूपांतराने कृतीचे स्वरूप बदलले असेल तर ती नवी कृती. मात्र मूळ कृतीशी तिचे नाते नोंदवा. अनुवादक, संपादक, रूपांतरकार अशी प्रत्येकाची भूमिका शब्दांत लिहायला ती उत्तेजन देते. जुन्या एएसीआर-२ मध्ये अनुवादकाच्या नावाने स्वतंत्र नोंद ठरावीक परिस्थितीतच होत असे. ज्या भाषेच्या रंगभूमीचा आणि कादंबरीचा बराच भाग अनुवाद-रूपांतरांतून उभा राहिला, तिच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. आरडीएच्या बाजूने माझे मत पडते ते इथे.

माणूस एक, नावे दोन

आता लेखकाकडे वळू. 'विशाखा'चे कवी कुसुमाग्रज आणि 'नटसम्राट'चे नाटककार वि. वा. शिरवाडकर. एएसीआर-२ ने अशा लेखकांसाठी स्वतंत्र ओळखीचा नियम केला होता. एका प्रकारचे लेखन एका नावाने आणि दुसऱ्या प्रकारचे दुसऱ्या नावाने असेल, तर दोन्ही नावे वेगळी शीर्षके मानावीत आणि दोघांना 'हेही पाहा' असे सांगणाऱ्या नोंदीने जोडावे. आरडीएने तोच नियम पुढे चालवला. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण नाव निवडण्याचा लेखकाचा हक्क तो मान्य करतो. कवीला कवी म्हणून वेगळे नाव हवे होते, तर तालिकेने ते का पुसावे?

पण नियमाचा निम्मा भार त्या 'हेही पाहा' वर आहे आणि ती नोंद कुणीतरी करावी लागते. मी वापरलेल्या एका ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत गोविंदाग्रज शोधला की कविता मिळतात आणि गडकरी शोधला की नाटके. एकातून दुसऱ्याकडे जायला वाट नाही. जुन्या कार्डांच्या कपाटात ते जोडकार्ड होते. कार्डे संगणकात भरताना ते वगळले गेले, कारण त्यावर दाखल क्रमांक नव्हता.

२०१७ मध्ये महासंघाने 'फर्बर'च्या जागी नवे प्रतिमान आणले आणि त्यावर बेतलेली आरडीएची नवी रचना १५ डिसेंबर २०२० पासून अधिकृत झाली. त्यात व्यक्ती म्हणजे खरोखर जगलेला, किंवा जगला असे मानले जाते असा माणूस. टोपणनाव हे व्यक्ती नव्हे, ते त्या माणसाचे एक नाव. म्हणजे शिरवाडकर एक आणि त्यांची नावे दोन. तर्क सरळ आहे. गंमत त्याच्या टोकाला आहे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवरामपंत भारदे यांनी 'सुधारक'मध्ये असा वाद उभा केला, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष आहेत. पुढे कित्येक अभ्यासक त्यावर लिहीत राहिले. ग्रंथपालाच्या भाषेत हा प्रश्न असा : नाव एक, व्यक्ती किती? नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या अभंगांची सरमिसळ हा त्याच जातीचा प्रश्न. भारदे यांनी हे सगळे 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिले, म्हणजे वाद घालणाऱ्याचीच नोंद पुन्हा दोन नावांची! खरोखर जगलेला माणूस ही व्याख्या अशा ठिकाणी तालिकाकाराला संशोधकाच्या खुर्चीत बसवते. तिथे बसण्याचे साधन आणि वेळ त्याच्याकडे आहे का, हा प्रश्न संहिता विचारत नाही.

मुखवट्याचा हक्क

याहून अवघड प्रश्न नैतिक आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांच्या मनातले त्यात इतके उघड आले होते की मोठे वादळ उठले आणि ही लेखिका कोण याबद्दल कुतूहल माजले. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. तिथे टोपणनाव ही हौस नव्हती. ते संरक्षण होते. १९३३ सालच्या तालिकाकाराला खरे नाव कळले असते तर त्याने ते लिहावे का?

पॅनिझ्झींचा नियम ते कंसात टाकतो. एएसीआर-२ शीर्षक मुखवट्याचेच ठेवते. आरडीएने एक पाऊल पुढे टाकले. व्यक्तीच्या नोंदीत लिंग लिहिण्याची सोय तिने केली आणि सुरुवातीला पुरुष, स्त्री, अज्ञात अशी ठरावीक यादी दिली. २०१४ मध्ये अँबर बिली, एमिली ड्राबिन्स्की आणि के. आर. रोबेर्टो यांनी या नियमावर सविस्तर टीका लिहिली. व्यक्तीची ओळख तालिकाकाराने बाहेरून ठरवणे चुकीचे आहे आणि काहींच्या बाबतीत ते धोक्याचेही ठरते, असा तिचा रोख होता. पुढे ती यादी गेली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सहकारी तालिकीकरण कार्यक्रमाच्या अहवालाने अशा नोंदींत लिंग लिहूच नये, असे सुचवले. ग्रंथपालांच्या वादाने प्रत्यक्ष नियम हलवला, याचे हे चांगले उदाहरण आहे. आणि या वेळी बोलणे संक्षेपांबद्दल नव्हते, माणसांबद्दल होते.

आज विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही नावे जोडणे योग्यच आहे, कारण ते आता सर्वज्ञात आहे. जोडले नाही तर एका लेखिकेचे काम विवाहापूर्वीच्या, विवाहानंतरच्या आणि टोपणनावाच्या अशा तीन कप्प्यांत फुटून राहते. पुरुष लेखकाचे आडनाव लग्नाने बदलत नाही. म्हणून नाव जोडण्याचे काम टाळले की त्याचा फटका लेखिकांना अधिक बसतो.

आपले काम

विरोधकांच्या एका आक्षेपाला मात्र उत्तर मिळालेले नाही. एएसीआर-२ चे पुस्तक एकदा विकत घेतले की वर्षानुवर्षे पुरत असे. आरडीए मुख्यतः वार्षिक वर्गणी भरून संगणकावर वाचायची संहिता आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या 'ड' वर्गातल्या गावच्या वाचनालयाने ही वर्गणी कशातून भरायची? तिथे दाखल नोंदवही नीट लिहिली गेली तरी पुष्कळ. नियम सर्वांसाठी आणि नियमांचे पुस्तक काहींच्याच हाती, ही विसंगती आरडीएच्या समर्थकांनी गंभीरपणे घेतलेली नाही.

शिवाय काही गोष्टी कोणतीच परकी संहिता करणार नाही. रोमन लिपीत लिहिताना लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तक्त्याप्रमाणे शिरवाडकरांच्या शेवटच्या अक्षरालाही 'अ' जोडला जातो, आणि परदेशी वाचक ते नाव 'शिरवाडकरा' असे वाचतो. १९६२ च्या लेखननियमांआधीची शीर्षके अनुस्वारांसह जशीच्या तशी उतरवली तर आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. ही दुरुस्ती मराठी जाणणाऱ्यानेच करायची आहे.

त्यासाठी संहिता बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हवी आहे ती मराठी लेखकनामांची एक प्रमाण सूची : प्रत्येक लेखकाची सर्व नावे, टोपणनावे, लग्नाआधीची आणि नंतरची नावे, जुन्या-नव्या लेखनातली रूपे, आणि कोणत्या नावाने काय लिहिले ते. ती देवनागरीत असावी, खुली असावी आणि कोणत्याही संहितेखाली वापरता यावी. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली तेव्हा संगणक नव्हता, वर्गणी भरून वाचायची संहिताही नव्हती. ग्रंथालयशास्त्राचे विभाग, जुनी ग्रंथसंग्रहालये आणि साहित्य संस्था यांच्याकडे आज दात्यांपेक्षा अधिक साधने आहेत. सुरुवात टोपणनावांपासून करावी, कारण मराठी कवितेत ती सर्वांत दाट आहेत. दुसरा हप्ता लेखिकांचा असावा. पहिल्या शंभर नावांचे काम एका विद्यापीठाच्या दोन सत्रांत होण्यासारखे आहे.